‘काउंटी’ला मराठीत काय म्हणावं? (निमित्त : मारामारोश)

वाटसरू :
ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या मारामारोश काउंटीवरचा मजकूर मराठीत आणतोय. हंगेरियनमध्ये काउंटी म्हणजे ‘वारमेद्ये’. मी ‘जिल्हा’ लिहून मोकळा झालो होतो, पण पुढे दोन-दोन प्रमुख निघाले : ‘फोइश्पान’ आणि ‘अलिश्पान’. यातला कलेक्टर कोण? त्यापेक्षा ‘परगणा’ बरा का? जरा जुना वासही येतो त्याला.

जुनी दौत :
परगणा नको हो. परगणा म्हटलं की मागोमाग देशमुख-देशपांडे येतात, वतन येतं. फोइश्पान सरकार नेमायचं. अलिश्पानाला काउंटीची सभा निवडायची आणि रोजचा कारभार त्याच्याच हातात असे. वतन यात कुठे बसवणार? अर्थात सभा म्हणजे आजची जिल्हा परिषदही नव्हे. 1870च्या कायद्याने तिच्यातल्या निम्म्या जागा सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांना, निवडणुकीशिवाय!

‘जिल्हा’ मलाही खटकतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, बाजू. बरगडीला स्वतःचं डोकं नसतं. वारमेद्येला होतं, आणि ते बुडापेस्टच्या सरकारशी भांडायचंही.

कोनाडा :
शब्द फोडून बघा, गंमत आहे. ‘वार’ म्हणजे गड. ‘मेद्ये’ हा स्लाव्ह भाषांतून आलेला, मूळ अर्थ सीमा, दोन शेतांमधली हद्द. त्याचा आणि आपल्या ‘मध्य’चा उगम एकच. म्हणजे ‘माजघर’ त्याचं लांबचं भावंड झालं! (हंगेरियन स्वतः आपल्या भाषाकुळातली नाही, शब्द तेवढा उसना.)

लॅटिन कागदांत हीच काउंटी ‘कोमितातुस’. त्यातला ‘कोमेस’ म्हणजे राजाचा सहचर. इंग्रजी ‘काउंट’ आणि ‘काउंटी’ तिथूनच आले.

काउंटीच्या पोटभागाला ‘याराश’ म्हणत. मूळ क्रियापद चालणे, फिरणे. मामलेदाराची ‘फिरती’ आठवली की नाही? याराशला बेलाशक तालुका म्हणा. त्यावरचा अधिकारी मात्र ‘सोल्गाबीरो’, शब्दशः सेवकांचा न्यायाधीश. लॅटिनमध्ये तोच उमरावांचा न्यायाधीश! कारण ते सेवक राजाचे होते आणि पुढे तेच उमराव झाले.

वाटसरू :
सोल्गाबीरोला तहसीलदार केलं तर हे सगळं जाईल, मान्य. आता दुसरी अडचण. 1910च्या जनगणनेत मारामारोशची वस्ती सुमारे 3,57,000. त्यात रुथेनियन (युक्रेनियनांच्या जवळचे स्लाव्ह) 1,59,000, रोमानियन 84,000, जर्मन 59,000, हंगेरियन 53,000. कार्पेथियन डोंगरातल्या या मिठाच्या खाणींच्या मुलखात एवढे जर्मन कुठून आले?

जुनी दौत :
बहुतेक जण जर्मन नव्हतेच. रकाना मातृभाषेचा होता आणि त्यात यिद्दिशला (पूर्व युरोपातल्या ज्यूंची, जर्मनला जवळची बोली) वेगळी भाषा धरत नसत. यिद्दिश बोलणारे ज्यू मुख्यतः जर्मनमध्ये मोजले गेले. धर्माचा रकाना पाहा : ज्यू सुमारे 65,000. सिगेत हे काउंटीचं ठाणं तर ज्यूंचं मोठं गाव. तुम्ही ‘जर्मन लोक’ असं भाषांतर केलंत की वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतीच माणसं उभी राहतात. ‘काउंटी’ चुकली तर एक शब्द चुकेल, इथे हजारो माणसं पुसली जातील. मला विचाराल तर आधी हे दुरुस्त करा.

कोनाडा :
सहमत. ‘मातृभाषा जर्मन नोंदवलेले’ असं लिहा, लांबलं तरी चालेल. ‘आजचा (रोमानियातला) मारामुरेश जिल्हा’ असंही लिहू नका. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचे तुकडे करणाऱ्या 1920च्या त्रियानों तहानंतर उत्तरेकडचा भाग चेकोस्लोव्हाकियाकडे गेला, तो आता युक्रेनमध्ये आहे. दक्षिणेकडचा रोमानियात. रोमानियातल्या आजच्या ‘जुदेत्स’ला खुशाल जिल्हा म्हणा.

हंगेरीने मधली बरीच वर्षं नुसतं ‘मेद्ये’ ठेवलं होतं. 2023पासून सरकारी नाव पुन्हा ‘वारमेद्ये’. गड परत आला!

वाटसरू :
मग वाक्य असं करतो : “मारामारोश या वारमेद्येत (हंगेरी राज्यातला स्वतःची सभा असलेला प्रांत) 1910 साली सुमारे 3,57,000 लोक राहत; त्यांपैकी 59,000 जणांची मातृभाषा जर्मन नोंदली गेली, त्यांत बहुतेक यिद्दिश बोलणारे ज्यू होते.” फोइश्पान, अलिश्पान तसेच ठेवतो.

जुनी दौत :
कंसातला ‘प्रांत’ काढा. आमच्याकडे प्रांत म्हणजे अजूनही प्रांतसाहेबांचं ऑफिस, दाखल्यांसाठी रांग लागते ते. ‘मुलूख’ चालेल.