आघातानंतरचा ताण: नवी थेरपी सुरू करताना तुम्हाला काय अनुभव आला?

पीटीएसडीवर, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताणाच्या आजारावर, नव्या पद्धतीची थेरपी सुरू केली असेल किंवा मधेच सोडली असेल, तर जरूर लिहा. पद्धत कोणती, सुरुवातीचे दिवस कसे गेले, घरच्यांनी काय केलं, एवढंही पुरे. प्रसंगाचा तपशील देऊ नका, वाचणाऱ्यांनाही त्रास होतो.

माझ्यापासून सुरुवात करते. घाटातल्या बस अपघातानंतर ब्रेकचा आवाज आला की हातपाय गार पडायचे. समुपदेशनात बोलून हलकं वाटायचं, पण रात्री स्वप्न तेच. मग ईएमडीआर सुचवलं गेलं. फ्रान्सीन शपिरो यांची ही पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तिची शिफारस केली. आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या हलत्या बोटांबरोबर नजर फिरवायची. पण आधीची कित्येक सेशन नुसत्या तयारीची होती: श्वास, मनातली सुरक्षित जागा, भीती अंगात कुठे जाणवते ते ओळखणं. पैसे वाया जातायत, असं घरात बोललं गेलं. पुढे आठवण उसळली तेव्हा मला त्याच तयारीने सावरलं. सुरुवातीला स्वप्नं वाढली. असं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकले.

•

माझं किल्लारीच्या भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी शाळकरी पोर होतो. आजही घरात दार लावून झोपत नाही. आता प्रोलाँग्ड एक्स्पोजर चालू आहे. डोळे मिटून ती पहाट आत्ता घडतेय अशी सांगायची, रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. शिवाय टाळलेल्या गोष्टींची यादी, सोप्यापासून अवघडाकडे. माझी पहिली पायरी होती दुपारी दार उघडं ठेवून घरात आडवं होणं. शेवटची पायरी अजून लांब आहे. आई म्हणायची, "कशाला उकरतोस जुनं?" थेरपिस्ट मॅडमनी तिला बोलावून समजावलं, की टाळत राहिलं तर भीती टिकून राहते. आता माझी ऐकायची वेळ झाली की ती स्वतः टीव्ही बंद करते.

•

मी इंग्लंडमध्ये असते. बाळंतपणात जिवावर बेतलं होतं. ईएमडीआरमध्ये सगळं तोंडाने सांगावं लागत नाही, हे माझ्यासाठी फार मोठं होतं. मनात सगळं मराठीत चालू द्यायचे, थेरपिस्ट फक्त विचारायची, आता काय जाणवतंय? सेशन व्हिडिओवर असल्याने डोळ्यांऐवजी हात छातीवर आडवे घेऊन खांद्यांवर आळीपाळीने थापट्या मारायचे.

•

आमचे हे सैन्यातून निवृत्त. थेरपीचं नाव काढू देत नव्हते. दुःस्वप्नांसाठी डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं. गोळी मूळची रक्तदाबाची, उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री मी त्यांना एकदम उभं राहू देत नसे. झोप लागू लागली, तेव्हा सीपीटी नावाच्या थेरपीला तयार झाले. त्यात 'तो गेला तो माझ्यामुळे' अशा विचारांची लेखी तपासणी करायची असते. ती वही मला दाखवत नाहीत, मीही मागत नाही.

•

मी थेरपी सोडली आहे. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावलं, नंतर ऑफिस गाठणंही जमेना. दुसरीकडे जाण्याआधी काय विचारू?

•

ताई, तीन गोष्टी विचारा. या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे घेतलं? वेग कोण ठरवणार? दोन सेशनच्या मधे त्रास वाढला तर फोन करता येईल का? नवीन कुणी मिळेपर्यंत फार अस्वस्थ वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. कोणत्या शहरात आहात?