व्याजावर मर्यादा, नारळी पुनवेपर्यंत दर्याला विश्रांती: यामागे अर्थकारण काय?

प्रश्न (फोंडा): ‘व्याज मुद्दलाच्या वर नको’ आणि ‘नारळी पुनवेआधी होडी घालू नये’, हे नियम निव्वळ श्रद्धेचे की व्यवहाराचे?

उत्तर १: पहिला नियम दामदुपटीचा. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आधी फेडलेलं व्याज यात धरत नाहीत. मनुस्मृतीतला एक दर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वा टक्का. 10,000 रुपयांवर महिन्याला 125. काहीच फेडलं नाही तर 80 महिन्यांत व्याज 10,000 होतं आणि तिथेच थांबतं. मग कुळाचं शेत हाती येईपर्यंत वाट बघत बसण्यात सावकाराला लाभ नाही, वेळेवर तगादा लावणंच परवडतं. धान्याला मात्र पाचपट मुभा, कारण बियाणं शेतात वाढतं. स्मृतिकार याज्ञवल्क्याने समुद्रावर जाणाऱ्यांना दरमहा 20 टक्के सांगितलेत: जहाज बुडालं की मुद्दलही बुडालं.

उत्तर २: दर्याचं गणित वेगळं. पावसाळ्यात गोव्यातल्या मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वाद किल्ल्याजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, लहान होडी उलटते. बरीच मासळी तेव्हाच अंडी घालते. एकट्याने जाळं बाजूला ठेवलं तर शेजारी त्याची मासळी नेणार. सगळ्यांना एकच तिथी असली की कुणाचंच नुकसान नाही. आज गोव्यात 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते.

उत्तर ३: सगळंच अर्थकारण म्हणू नका. त्याच मनुस्मृतीत वर्णानुसार दरमहा 2, 3, 4, 5 टक्के दर आहेत, आणि सर्वांत जास्त शूद्राला. हा जोखमीचा हिशेब नव्हे, अन्याय आहे.