युरिक ॲसिड: नागपूरकरांनो, तुम्ही काय सोडलं, कशानं फरक पडला?

धरमपेठ, वय ४६
नवतप्यात रात्री तीनला उजव्या पायाचा अंगठा असा ठणकला की चादरीचा स्पर्शही सहन होईना. आदल्या दिवशी भाच्याचं लग्न होतं. सावजी मटण, कलेजी, दोन बिअर झाल्या, अन् दिवसभर उन्हात फिरून पाणी जेमतेम. तपासणीत युरिक ॲसिड ९.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, ६.८ च्या वर त्याचे स्फटिक सांध्यात साचू लागतात, आपल्याला ६ च्या खाली यायचंय. आता घरचे डाळ, पालक, टमाटर सगळंच बंद करायला निघालेत. तुमचे अनुभव लिहा, मला खरंच हवेत.

महाल
भाऊ, वरण सोडू नका. मी वर्षभर सोडलं, आकडा ८.४ चा ८.२ झाला, बस. डाळी-पालकानं गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडनं सांधे ठणकायच्या या दुखण्याचा, धोका फारसा वाढत नाही, हे आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलं त्या रात्री मी वरणभात दोनदा घेतला. फरक पडला तो रविवारचा पाया, वजडी अन् बिअर बंद केल्यावर. ७.३ पर्यंत आलो. त्याखाली मात्र युरिक ॲसिड कमी करायच्या गोळीनंच नेलं.

प्रतापनगर, वय २६
मी शाकाहारी, दारूला हात नाही, तरी ८.७! हिंगण्याला शिफ्टमध्ये काम करतो, तिथं दिवसाला दीड लिटर कोल्ड्रिंक प्यायचो. त्यातली फ्रुक्टोज नावाची साखर यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. संत्र्याचा रसही ग्लासच्या ग्लास नको, अख्खं संत्र खा. आणखी एक चूक सांगतो, कोणी करू नका. वजन उतरवायला दहा दिवस फक्त काकडी-ताकावर राहिलो, तर घोटाच सुजला. एकदम उपाशी राहिलं की शरीरात चरबी जळून किटोन नावाचे पदार्थ वाढतात अन् किडनी युरिक ॲसिड कमी बाहेर टाकते. नंतर सावकाश सात किलो उतरवले, तेव्हा जमलं.

मानेवाडा, वय ५८
आम्हा बायकांना हे होत नाही असं वाटायचं. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेनमुळे किडनी ते नीट बाहेर टाकते, पुढे आकडा चढतो. माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानंही चढला. डॉक्टरांनी गोळी बदलली, जेवणाचं ताट तसंच राहिलं. आपापल्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, मनानं मात्र काही बंद करू नका.

सक्करदरा
महालवाल्या भाऊंना जोडून सांगतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मला दोनदा सांधेदुखीचा झटका आला. फेकूनच देणार होतो. जुने स्फटिक विरघळताना असं होतं, म्हणून डॉक्टरांनी सोबत दुसरं औषध देऊन तीच चालू ठेवली. आता ५.६ आहे.

धरमपेठ
सगळ्यांचे आभार. आईला हे वाचून दाखवलं, आज घरी फोडणीचं वरण शिजून राहिलंय. चिठ्ठी घेऊन सोमवारी जातो.