थीम लावली की ॲपचे आयकॉनही त्याच रंगात यायला नकोत का?

निळी_शाई
मंडळी, प्रश्न किरकोळ आहे पण डोक्यातून जात नाहीये. अँड्रॉइड १३ पासून वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये थीम्ड आयकॉनचं बटण असतं, ते चालू केलं की आयकॉन वॉलपेपरच्या रंगात येतात. येतात म्हणजे काय, अर्धे येतात. फोन, मेसेज, कॅमेरा, घड्याळ सगळे फिक्या हिरव्यात शहाण्यासारखे बसलेत आणि मधेच बँकेचं ॲप लालभडक, त्याच्या शेजारी एका गेमचा दात विचकणारा चेहरा. आता फोन माझा, बटण मी दाबलं, मग यात डेव्हलपरच्या परवानगीचा संबंध येतोच कुठे? सिस्टिमने सरसकट सगळ्यांना रंग का देऊ नये? की ब्रँडचा लोगो म्हटलं की हात लावायचाच नाही?

कोडकर
परवानगीचा प्रश्न नव्हता हो, चित्राचा होता. अँड्रॉइड ८ म्हणजे २०१७ पासून आयकॉन दोन थरांचा असतो, मागचा आणि पुढचा, १०८ बाय १०८ डीपीचा (डीपी म्हणजे स्क्रीनवरची मापं मोजायचं एकक) कॅनव्हास आणि त्यातला मधला ६६ डीपीचा भागच न कापता दिसेल अशी खात्री, कारण कुठला लाँचर (होमस्क्रीन दाखवणारं ॲप) गोल कापतो कुठला चौकोनी. १३ मध्ये त्यात तिसरा थर आला, मोनोक्रोम म्हणजे एकरंगी. त्यात तुम्ही कुठले रंग भरलेत याच्याशी सिस्टिमला काही देणंघेणं नाही, ती फक्त कुठे भरीव आहे आणि कुठे पारदर्शक एवढं बघते आणि तिथे आपला रंग ओतते. हा थर दिलाच नसेल तर ओतणार कशात? म्हणून ते ॲप जसंच्या तसं राहतं.

आयकॉनच्या एक्सएमएल फाइलमध्ये एक ओळ घालायची असते, पण खरं काम वेगळंच आहे, लोगो एका रंगात ओळखू येईल असा परत काढावा लागतो. काही जण ते न करता जुनाच लोगो ढकलतात. भरलेलं वर्तुळ आणि त्यावर पांढरं अक्षर असा लोगो असेल तर वर्तुळही भरीव आणि अक्षरही भरीव, हातात येते नुसती गोल टिकली.

सरसकट रंगाचं म्हणाल तर तेही आलंय. अँड्रॉइड १६ च्या दुसऱ्या तिमाही अपडेटपासून ज्यांनी थर दिला नाही त्यांचा आयकॉन सिस्टिम स्वतःच रंगवते, आणि प्ले स्टोअरच्या डेव्हलपर करारात २०२५ मध्ये तसं कलमही घातलंय की युजरला आयकॉनचा रंग बदलू द्यायचा. थोडक्यात, तुमच्या बाजूने निकाल लागलाय, तुमच्या फोनपर्यंत कधी पोचतो ते फोनच्या कंपनीवर.

रेघोट्या
मी आयकॉन काढून पोट भरते, त्यामुळे बाजू घेणारच. पण लोगोच्या पावित्र्याचं सोडा, ते मार्केटिंगवाल्यांनी बघावं. मुद्दा शोधण्याचा आहे. स्क्रीनवर नजर टाकल्यावर डोळा आधी रंग पकडतो आणि मग आकार. तीस आयकॉनमधला एकच पिवळा शोधायला वेळ लागत नाही, पण तीसही फिके हिरवे असतील तर प्रत्येकाची बाह्यरेषा वाचत बसावं लागतं. २०२० मध्ये गूगलने जीमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर, मीट सगळ्यांना तेच चार रंग वाटले तेव्हा लोकांनी कशी बोंब मारली होती आठवतंय का, तिथे निदान चार रंग तरी होते!

आणि मशीनने रंगवलेला आयकॉन म्हणजे ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी रंगछटा) गेला, सावली गेली, बारीक रेषा एकमेकींत मिसळल्या. गेमच्या आयकॉनचं तर विचारूच नका, तिथे चेहऱ्याचं पार पिठलं होतं.

रातांधळा
रेघोट्याताई, रंग आधी दिसतो हे ज्यांना रंग नीट दिसतात त्यांचं झालं. मला लाल-हिरव्यातला फरक धड कळत नाही, मी आयुष्यभर आकारावरूनच ॲप शोधत आलोय आणि थीम्ड आयकॉन लावल्यापासून उलट सोपं झालंय, कारण सगळीकडे सारखा कॉन्ट्रास्ट, मागे गडद पुढे फिकट, बस. आधी कुणाचं तपकिरीवर हिरवं तर कुणाचं लालवर केशरी, मला एकच ठिपका दिसायचा. तेव्हा एकरंगी म्हणजे सगळ्यांनाच त्रास असं नका समजू. रात्री डार्क मोडमध्ये ते पांढरेशुभ्र चौकोन डोळ्यात घुसतात ते वेगळंच.

अर्धं_सफरचंद
आयफोनवाल्यांचा हा वाद २०२४ लाच बघून झाला. आयओएस १८ मध्ये डार्क आणि टिंटेड (एकाच रंगाच्या छटेतले) आयकॉन आले आणि ॲपलने कुणाची वाट बघितली नाही, डेव्हलपरने वेगळं चित्र दिलं तर ठीक नाहीतर फोन स्वतः बनवतो. त्यामुळे अर्धवट होमस्क्रीन हा प्रकार नाही पण काही आयकॉन असे दिसतात की चिखलात पडलेत. आयओएस २६ मध्ये तर काचेसारखे पारदर्शक पण आलेत, दिसायला भारी, आणि वॉलपेपर गजबजलेला असेल तर शोधून दाखवा.
तरी त्याआधीपेक्षा बरं. आयओएस १४ च्या वेळी लोक शॉर्टकट्स नावाच्या ॲपमधून एकेक आयकॉन हाताने बदलत बसायचे आणि वर त्यावर नोटिफिकेशनचा आकडाच दिसायचा नाही.

निळी_शाई
कोडकर, आत्ता कळलं, मला वाटलं होतं मुद्दाम आडमुठेपणा करतात. रातांधळा यांचा मुद्दा मात्र डोक्यातच आला नव्हता.
पण एक शंका, बँकेच्या ॲपचा रंग बदलला तर खोटं ॲप ओळखायचं कसं? ऑफिसमधला एक जण हेच कारण सांगून भांडत होता.

कोडकर
आयकॉनवरून खरंखोटं ओळखत असाल तर आधीच गोंधळ आहे. चित्र कुणीही उचलतो, रंगासकट. इन्स्टॉल करताना डेव्हलपरचं नाव बघायचं, नंतर होमस्क्रीनवर ते हिरवं दिसलं काय आणि जांभळं दिसलं काय.

रेघोट्या
@रातांधळा मान्य, कॉन्ट्रास्टचं बरोबर आहे. म्हणूनच माझं भांडण थीमशी नाहीच, सगळं किंवा काहीच नाही अशा एकाच बटणाशी आहे. दर ॲपला वेगळं ठरवता यायला हवं. रोजची चारपाच ॲप मूळ रंगात ठेवली आणि बाकी थीममध्ये, तर नजर बरोबर तिथे जाते. आयकॉन पॅक (आयकॉनचे तयार संच) चालवणारे लाँचर हे केव्हापासून देतात, लांब दाबा, एडिट करा, त्या एका ॲपचा आयकॉन बदला.

आणि डेव्हलपर लोकहो, तो मोनोक्रोम थर स्वतः काढा, मशीनवर सोडू नका. एकाच रंगात, अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. ओळखू आला नाही तर परत काढा.

निळी_शाई
लाँचर टाकून बघतो. त्या गेमचा चेहरा मात्र फोल्डरमध्ये टाकलाय, त्याला कुठलीच थीम शोभणार नाही.