के-४ ची चाचणी झाली, आता भरवसा किती धरायचा? (सोसायटी ग्रुप, चेंबूर)

नितीन (बी-७०४): २७ नोव्हेंबर २०२४ ची बातमी परत टाकतोय. आयएनएस अरिघात या आपल्या अणुपाणबुडीवरून के-४ हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र सोडलं, पल्ला ३,५०० किमी. आणि त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटिशांनी व्हॅनगार्ड पाणबुडीवरून ट्रायडेंट क्षेपणास्त्र सोडलं, ते जवळच समुद्रात कोसळलं. त्यांचे संरक्षणमंत्री तेव्हा बोटीवरच होते. आपलं १०० टक्के खात्रीचं, हे आता मानायला हरकत नाही.

रेवा (सी-१०२): एका चाचणीवरून १०० टक्के कसं ठरतं?

माधवकाका (ए-२०१): रेवा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. नितीन, आनंद मलाही झाला. माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली, क्षेपणास्त्रांवर नाही, पण ‘एकदा चाललं म्हणजे चालतं’ हे वाक्य तिथे कुणी उच्चारत नसे. ब्रिटनचंही तसंच. जून २०१६ आणि जानेवारी २०२४, लागोपाठ दोन चाचण्या फसल्या, हे गंभीरच आहे. पण ते अस्त्र अमेरिकेचं, दोघांचा साठा सामाईक, आणि त्या अस्त्राच्या खात्यात १९० हून जास्त यशस्वी उड्डाणं आहेत. म्हणजे ट्रायडेंट भंगार ठरत नाही. प्रश्न ब्रिटिश बोटी, त्यांचा सराव आणि चार-आठ वर्षांतून एकदा चाचणी घेण्याची पद्धत यांच्यावर येतो.

शुभदाताई (ए-५०३): आकडे मी देते, कॉलेजात हेच शिकवते. समजा एखादं अस्त्र प्रत्यक्षात चारपैकी तीनदाच चालतं. तरी सलग ५ चाचण्या यशस्वी होण्याची शक्यता जवळपास २४ टक्के असते. सलग १० ची साडेपाच टक्के. ‘किमान ९० टक्के विश्वासार्ह’ असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं, तर एकही अपयश न येता २९ चाचण्या लागतात. इतकी महागडी अस्त्रं समुद्रात कोण टाकणार? म्हणून एकेक भाग जमिनीवर वेगळा तपासतात.

नितीन (बी-७०४): मग जमिनीवरच सगळं तपासा ना.

माधवकाका (ए-२०१): तिथेच खरी गोम आहे. ट्रायडेंट-२ ची उड्डाणं १९८७ पासून अमेरिकेतल्या केप कॅनाव्हरलच्या जमिनीवरून चालू होती. मार्च १९८९ मध्ये यूएसएस टेनेसी पाणबुडीवरून पहिल्यांदा पाण्याखालून सोडलं आणि काही सेकंदांतच ते हवेत गरगरा फिरून फुटलं. असं बघा, अस्त्र नळीतून वायूच्या दाबाने बाहेर फेकलं जातं, पाणी कापत वर येतं आणि हवेत आल्यावर त्याचं इंजिन पेटतं. त्याच्यामागून पाण्याचा प्रचंड लोट उसळतो. त्या लोटाचा मारा इंजिनाच्या नॉझलला, म्हणजे ज्वाळा बाहेर पडतात त्या तोंडाला, सोसला नाही. जमिनीवर तो लोट येणार कुठून? बदल करून १९९० मध्ये ते सेवेत आलं. मला त्या कामाबद्दल फार आदर वाटतो. अपयश आलं, कारण सापडलं, दुरुस्ती झाली, पुन्हा चाचणी झाली. आपणही के-४ आधी पाण्यात बुडवलेल्या पॉन्टूनवरून, म्हणजे तराफ्यासारख्या मंचावरून सोडलं, मग बोटीवरून, ते याचसाठी.

संजय (बी-३०२): माझे बाबा माझगाव डॉकला होते म्हणून विचारतो. तिथल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवर हे बसतं का?

माधवकाका (ए-२०१): नाही. त्या डिझेल-इलेक्ट्रिक, टॉर्पेडो आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या. अरिहंत आणि अरिघात या पाणबुड्या अणुशक्तीवर चालतात, बांधणी विशाखापट्टणमची.

रेवा (सी-१०२): चाचणीत खरं वॉरहेड, म्हणजे टोकावरचा बॉम्ब असतो?

माधवकाका (ए-२०१): नसतो. त्याजागी टेलिमेट्रीची उपकरणं बसवतात, ती उड्डाणभर मोजमापं पाठवतात. अमेरिकेने एकदाच, मे १९६२ मध्ये, ईथन ॲलन पाणबुडीवरून खऱ्या अण्वस्त्रासकट पोलारिस क्षेपणास्त्र सोडलं होतं. तसं पुन्हा कधी होऊ नये.

आणखी एक. शास्त्रज्ञांनी घेतलेली चाचणी वेगळी आणि नौसैनिकांनी घेतलेली वेगळी. १४ ऑक्टोबर २०२२ ला अरिहंतवरून झालेली चाचणी सरकारनेच वापरकर्त्यांच्या प्रशिक्षणाची म्हणून जाहीर केली. माझ्या लेखी तिचं मोल जास्त. आपल्या फायर पंपासारखंच आहे, वर्षभर बंद असतो, पण गरज पडेल तेव्हा ड्युटीवर असेल त्या माणसाच्या हातून पहिल्याच बटणाला चालला पाहिजे.

नितीन (बी-७०४): पण अपयश सांगून शत्रूला फायदा का द्यायचा? धाक तर भरवशावरच टिकतो.

शुभदाताई (ए-५०३): चाचणीआधी विमानं आणि जहाजांसाठी धोक्याचं क्षेत्र जाहीर करावंच लागतं. बघणारे तेव्हाच बघायला येतात. रशियाचं पाणबुडीवरचं क्षेपणास्त्र बुलावा डिसेंबर २००९ मध्ये तिसऱ्या टप्प्यात बिघडलं, तेव्हा नॉर्वेच्या आकाशात प्रकाशाचं भलंमोठं चक्र दिसलं. सगळ्या जगाने फोटो पाहिले. काय लपवणार?

माधवकाका (ए-२०१): बिघाड नेमका कुठे, कोणत्या भागात, हे गुप्त राहू दे. ते मलाही मान्य आहे. पण चाचणी फसली हे निवडून दिलेल्या लोकांपासून लपवणं मला पटत नाही. ब्रिटनची २०१६ ची चाचणी जूनमध्ये फसली, जुलैमध्ये संसदेने ट्रायडेंट वाहणाऱ्या नव्या पाणबुड्यांना ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजुरी दिली, आणि फसल्याची बातमी बाहेर आली जानेवारी २०१७ मध्ये, तीही वर्तमानपत्रातून. खासदारांनी मतदान केलं तेव्हा त्यांच्यापुढे पूर्ण चित्र नव्हतं.

नितीन (बी-७०४): हे मला माहीत नव्हतं. पण युद्धाची छाया असताना मी तरी गुप्ततेच्याच बाजूने राहीन, काका.

माधवकाका (ए-२०१): रहा. यावर आपलं एकमत व्हायलाच हवं असं नाही.

रेवा (सी-१०२): काका, पुरेशा चाचण्या झाल्या की मग थांबतात का?

माधवकाका (ए-२०१): नाही बाळा. घन इंधन जुनं होतं, त्याला सूक्ष्म तडे जाऊ शकतात, सील कडक होतात, इलेक्ट्रॉनिक भाग बदलावे लागतात. म्हणून तैनात बोटींवरचीच अस्त्रं निवडून सोडतात. मुद्दाम निगुतीने तयार केलेला नमुना त्यासाठी चालत नाही. के-४ बद्दल मी हेच बघत राहीन. पुढचं कधी सुटतं, कोणत्या बोटीवरून सुटतं आणि सोडणारे हात नौसैनिकांचे असतात का.