सिम्युलेटरमध्ये पास झालेली गाडी रस्त्यावर सोडायची का?

तिसरा गिअर:
कॅलिफोर्नियात २०१७ साली सुरू झालेली अप्लाइड इंट्यूशन स्वतः गाडी बनवत नाही, स्वयंचलित गाड्या बनवणाऱ्यांना संगणकावर आभासी चाचणी (सिम्युलेशन) करायचं सॉफ्टवेअर विकते. असल्या टूल्सशिवाय सुरक्षितता सिद्ध करणं अशक्य आहे, हे माझं मत. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचा २०१६चा हिशोब बघा: जीवघेण्या अपघातांत गाडी अमेरिकन ड्रायव्हरपेक्षा वाईट नाही, एवढं ९५ टक्के खात्रीने म्हणायला एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालवावी लागेल. १०० गाड्या, चोवीस तास, ताशी २५ मैल धरले तर साडेबारा वर्षं. मधे सॉफ्टवेअर बदललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वळणावर हळू:
हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. तेवढे मैल संगणकावर पळवले की काम झालं, असं थोडंच आहे? स्वस्तात लाखो रन होतात ते ऑब्जेक्ट लेव्हलवर. तिथे कॅमेरा-लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) नसतातच. ‘इथे पादचारी, वेग इतका’ असं तयार उत्तर प्लॅनरला, म्हणजे गाडीने काय करायचं ते ठरवणाऱ्या भागाला, मिळतं.

अमेरिकेतल्या टेंपी शहरातली २०१८ची धडक घ्या. सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई उबरच्या चाचणी-गाडीला ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण तिचा वर्ग बदलत राहिला: वाहन, इतर, सायकल. दर बदलाला आधीचा माग टाकून दिला जायचा, त्यामुळे ती कुठे निघालीय याचा अंदाज बांधताच आला नाही. ऑब्जेक्ट लेव्हलला वर्ग स्थिर ठेवून हीच केस लावा, ही चूक दिसणारच नाही.

तिसरा गिअर:
@वळणावर हळू, हा टूलचा नाही, टेस्ट लिहिणाऱ्याचा दोष. ग्राउंड ट्रुथ (सिम्युलेटरला ठाऊक असलेलं खरं चित्र) आणि प्लॅनरच्या मधे सेन्सरसारख्या चुका घालणारं एरर मॉडेल घाला: १००-२०० मिलिसेकंद उशीर, जागेत जिटर (थोडी थरथर), मधेच गायब होणारं ऑब्जेक्ट, आणि मुद्दाम बदलणारा वर्ग. आकडे मात्र मनाचे नकोत. स्वतःच्या लॉगमधून (गाडीने रस्त्यावर केलेल्या नोंदींतून), अंतर आणि उजेडानुसार काढा. शिवाय कच्चा सेन्सर डेटा साठवला असेल तर तो नव्या पर्सेप्शनवर (आजूबाजूचं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पुन्हा चालवता येतोच.

वायपर चालू:
चालवता येतो, पण लूप जोडलात, म्हणजे नव्या कोडच्या निर्णयांनी आभासी गाडी चालू लागली, की घोळ सुरू. नव्या कोडने लॉगपेक्षा अर्धा सेकंद आधी ब्रेक मारला की मागची गाडी आरपार घुसते, कारण ती नुसतं रेकॉर्डिंग आहे. रिपोर्टात टक्कर, तीही खोटी. म्हणून रिअ‍ॅक्टिव्ह एजंट (आपल्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या आभासी गाड्या) लावायचे, तर मागचा ड्रायव्हर किती सावध हे तुम्हीच ठरवलेलं! रिपोर्ट हिरवा, तोही कदाचित खोटाच. एगो (चाचणीतली आपली गाडी) मूळ मार्गापासून किती सरकली की निकाल रद्द धरायचा, ती मर्यादा रन लावण्याआधी ठरवा. नंतर ठरवली की ती सोयीने ताणली जाते.

सेन्सर सिम्युलेशनचंही तेच. परावर्तक पाट्यांभोवती लायडारचं ब्लूमिंग (चमकेमुळे वस्तू फुगून दिसणं), गार्डरेलवरून उसळलेली रडारची खोटी टार्गेट्स, हे उतरलं नसेल तर ते देखणं चित्र डेमोपुरतंच.

वळणावर हळू:
+१. आणि ‘दहा लाख रन पास’ या जाहिरातीचं काय? कट-इनचे (शेजारची गाडी अचानक समोर घुसते त्या प्रसंगाचे) सहा पॅरामीटर, प्रत्येकाच्या दहा किमती, झाले दहा लाख. त्यातल्या बहुसंख्य रनमध्ये समोरची गाडी इतकी लांब असते की काही घडतच नाही.

तिसरा गिअर:
म्हणून तर सरसकट ग्रिड चालवायचा नसतो. आधी विरळ नमुने घ्या, किमान टीटीसी (टक्कर व्हायला उरलेला वेळ) जिथे झपकन घसरतो ती सीमा शोधा, मग तिथेच दाट नमुने घ्या. त्या सीमेवरच्या मोजक्या केस ट्रॅकवर डमी टार्गेट लावून करा आणि ब्रेक सुरू होण्याची वेळ, किमान टीटीसी, थांबल्यावरचं अंतर ताडून बघा. युरोपचा २०२२/१४२६ हा नियम सिम्युलेशनचा पुरावा चालवून घेतो, पण टूलचेन (सिम्युलेशनची सगळी साधनं) विश्वासार्ह आहे हे दाखवायला लावतो.

वायपर चालू:
ट्रॅकवर जाण्याआधी एक फुकटची तपासणी: सॉफ्टवेअरची तीच बिल्ड, तोच सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो अंक), तोच सीन दोनदा चालवा. मेसेजचा क्रम मशीनवरच्या लोडनुसार बदलत असेल तर दोन निकाल जुळणार नाहीत. तसं असेल तर आधी क्लॉक सिम्युलेटरच्या हातात द्या, वेळेची स्टेप ठरावीक ठेवा, मग टीटीसीबद्दल बोलू.