दुखणं वाढत असेल तर सोसू नका
खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलं आणि प्लेट (स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी) टाकली, तर "प्लेट बसवली की सहा महिने दुखणारच, सोसायचं" असं कुणी कुणी म्हणतं, ते निम्मंच पटलं. खांदा आखडतो, व्यायाम करताना कळ येते, हे खरं. पण दुखणं हळूहळू उतरायला हवं. आई पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरली आणि खांद्याजवळ हाड मोडलं. रत्नागिरीत ऑपरेशन झालं, दोन-अडीच महिन्यांत केस विंचरण्याइतपत हात वर जायला लागला. मग उलटंच सुरू झालं. हात फिरवला की आत करकर, रात्री त्या कुशीवर झोप नाही. शेजारी म्हणे दमट हवा, तेल चोळा. (आमच्याकडे सगळ्याचं खापर हवेवर!) नव्या एक्स-रेत दिसलं की दंडाच्या हाडाचा वरचा गोळा जरा खाली बसलाय आणि स्क्रूचं टोक सांध्यात आलंय. ठिसूळ हाडात असं होतं, आणि ते टोक समोरची, गोळा जिच्यात फिरतो ती खांद्याची वाटी खरवडत राहतं. तो स्क्रू काढल्यावर करकर थांबली.

अजून एक. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर तो वर्ष-दोन वर्षांनीही खचू शकतो, तेव्हा हाड जुळलं म्हणून पुढचे एक्स-रे टाळू नका. आई आता विळीवर नारळ खवते, कळशी मात्र डाव्या हातानेच उचलते.